फोम गुंडाळून ट्रेलरचे पाइप वाचत नाहीत

तुम्ही विचारलंय की जानेवारीत हिमाचलात नारकंडा आणि जमलं तर स्पितीतल्या काझापर्यंत गाडीमागे ओढायचा, राहायची सोय असलेला ट्रेलर न्यायचाय, तर गरम पाण्यासाठी इन्स्टंट गॅस गिझर बसवावा की साठवणीचा, आणि फरशीखालून जाणाऱ्या पाइपांना फोम गुंडाळला की गोठण्याचा प्रश्न मिटेल ना?

नाही मिटणार. गिझरचं पुढे सांगतो, आधी फोमचं बोलू. "फोम गुंडाळला की झालं" हेच वाक्य आमच्या थोरल्या साडूंनी म्हटलं होतं आणि त्यापायी आमच्यात आजही कुरबूर आहे.

फोम उष्णता तयार करत नाही. रजईत माणूस उबेत राहतो कारण अंग आतून गरम असतं. तीच रजई दगडाला गुंडाळून रात्रभर अंगणात ठेवा, सकाळी दगड अंगणाइतकाच गार मिळेल. अर्धा इंची पाइपात मीटरभर लांबीला जेमतेम सव्वाशे मिलिलिटर पाणी असतं. एवढ्याशा पाण्यात धरून ठेवायला ऊब ती किती? फोममुळे फार तर तास-दोन तास जास्त मिळतात, आणि पहाडातली रात्र तेरा-चौदा तासांची. त्यात ट्रेलरच्या पोटाखालून वारा वाहतो तो वेगळाच.

माझं ग्वाल्हेरला लष्कर भागात मोटार वाइंडिंग आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही दोघा साडूंनी मिळून ट्रेलर बांधून घेतला. सांगाडा एका फॅब्रिकेटरकडून, आतलं लाकूडकाम आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून, पंप आणि वायरिंग माझं. नळकाम साडूंनी स्वतःकडे घेतलं, कारण ते इमारतींचे ठेकेदार आहेत. मी म्हटलं होतं, पाइप फरशीच्या वर, भिंतीच्या आतल्या कडेने घ्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी सोडून द्यायचा ड्रेन कॉक ठेवा. ते म्हणाले, जागा जाते, दिसायला वाईट दिसतं, इतक्या इमारती उभ्या केल्या, कुठे पाइप फुटला नाही. ग्वाल्हेरात कसा फुटेल? आमच्याकडे जानेवारीत रात्री पारा तीन-चार अंशांवर येतो, फार झालं तर एक-दोन. कुडकुडायला तेवढं पुरतं, पाणी गोठायला नाही. पण साडू वयाने मोठे, शब्द त्यांचा चालला. सीपीव्हीसीचे (कडक प्लास्टिकचे) पाइप फरशीखालून गेले, वर काळा फोम, त्यावर टेप.

डिसेंबरअखेर नारकंड्याला मुक्काम होता. उंची सुमारे २,७०० मीटर, आकाश निरभ्र, म्हणजे रात्री पारा शून्याच्या बराच खाली. सकाळी नळ कोरडा. साडू म्हणाले, ऊन येऊ दे, सुटेल. ऊन आलं, फरशीखालचा बर्फ सुटला आणि पंप आपोआप चालू झाला, कारण लाइनीतलं प्रेशर पडलं की तो सुरू होतोच. बेसिनच्या कपाटात पाण्याचा फवारा उडाला. शेजारीच गाद्या-रजया रचलेल्या होत्या. सासूबाईंची रजई पिळून काढावी लागली. मुलांना गाडीत बसवून हीटर लावला, आणि आमची ही आणि तिची बहीण स्टोव्हवर पातेली ठेवून तापवलेल्या पाण्यावर दिवस काढत होत्या.

आता वादाचा मुद्दा. पाइप फुटला तो फरशीखाली नव्हे, आत, कपाटातल्या एल्बोवर, म्हणजे काटकोनी जोडावर. साडूंनी तेच धरलं: "आत ऊब होती, तिथे बर्फ होणार कसा? तुझ्या पंपाच्या प्रेशरने फुटलाय." माझ्या पंपावर बोट! तो एल्बो मी कापून आणलाय, दुकानाच्या खणात आहे. पाठीवर बोटाच्या पेराएवढी उभी चीर आणि तिच्या कडा बाहेरच्या बाजूला उचललेल्या.

ते असं होतं. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के फुगतो. फरशीखाली बर्फाचा बोळा तयार झाला आणि वाढत गेला. त्याच्या पुढे बंद नळापर्यंत जे पाणी होतं त्याला जायला वाट नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून त्या कोंडलेल्या भागात प्रेशर चढत जातं, हजारो पीएसआयपर्यंतही (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) जाऊ शकतं, आणि जिथे जोड कमजोर तिथे ते सुटतं. ती जागा उबेतही असू शकते. बर्फ एकीकडे आणि चीर दुसरीकडे, हा गोठलेल्या लाइनीतला नेहमीचा प्रकार आहे. आणि पंपाचं म्हणाल, तर १२ व्होल्टच्या डायफ्राम पंपाचं कट-ऑफ, म्हणजे ज्या दाबाला तो आपोआप बंद होतो ते, ५० पीएसआयच्या आसपास असतं. एसडीआर ११ (पाइपाच्या जाडीचं माप) चा सीपीव्हीसी थंड पाण्याला ४०० पीएसआयचा असतो. ५० पीएसआय देणारा पंप ४०० वाला पाइप फाडेल कसा, हे मला साडूंनी आजवर सांगितलेलं नाही.

तेव्हा तुम्ही असं करा. पाइप आतून, फरशीच्या वर. सीपीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो, त्यापेक्षा पेक्स, म्हणजे लवचिक प्लास्टिकचा पाइप घ्या. तो थोडा ताणतो, मात्र त्याची पितळी फिटिंग गोठून फुटतातच, त्यामुळे पेक्स घेतला म्हणून निर्धास्त राहू नका. गार आणि गरम दोन्ही लाइनींना अगदी खालच्या जागी एकेक बॉल व्हॉल्व्ह. झोपायच्या आधी पंप बंद, सगळे नळ उघडे, खालचे व्हॉल्व्ह उघडे. उरलंसुरलं पाणी काढायला टायरमध्ये हवा भरायचा छोटा कंप्रेसर पुरतो, ४० पीएसआयच्या वर जाऊ नका आणि एका वेळी एकच नळ उघडा ठेवा. एनआरव्हीच्या (पाणी उलट जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) मागे पाणी अडकतं, त्याकडे लक्ष असू द्या. पंपाचं डोकंही रिकामं झालं पाहिजे, म्हणून टाकीकडची नळी सोडून पंप दोन-चार सेकंद कोरडा फिरवा. बेसिनखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकड्या नळीत, पाणी राहणारच. तिथे लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवून ओता, उणे पंधरापर्यंत निभावतं. ट्रॅप प्लास्टिकचा असेल तरच हां, धातूला मीठ खातं.

आता गिझर. माझं मत साठवणीचा, १० लिटरचा. इन्स्टंट गॅस गिझरवर "६ लिटर" लिहिलेलं असतं ते साधारण २५ अंशांच्या वाढीवर धरलेलं असतं. टाकीतलं पाणी ३ अंशांवर असलं की २८ वर येणार, म्हणजे कोमट. आणखी गरम हवं तर धार अर्धी करा. शिवाय छोट्या पंपाचं प्रेशर वरखाली होतं, बर्नर विझतो-पेटतो, आणि गरम येईपर्यंतचं गार पाणी वाया जातं. शंभर लिटरच्या टाकीत हे परवडत नाही. साठवणीच्या गिझरातलं ६० अंशांचं १० लिटर पाणी आणि ५ अंशांचं ७ लिटर मिळून अंघोळीजोगी बादली होते. बादली-तांब्या घ्या, शॉवरचा नाद सोडा.

मात्र तो बॅटरीवर चालवायचं मनात आणू नका. १० लिटर पाणी ४० अंशांनी चढवायला अर्धा युनिट वीज लागते. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या साध्या ॲसिड बॅटरीतून तब्येत राखून तेवढीच निघते, आणि १५०० वॅटचा गिझर इन्व्हर्टरमार्फत सव्वाशे अँपिअरच्या वर ओढतो. मुक्कामाच्या जागी वीज घेऊन तापवा, नाहीतर सरळ पातेलं. रात्री गिझरही रिकामा करायचा: गरम नळ उघडा, इनलेटवरच्या मल्टिफंक्शन व्हॉल्व्हची दांडी उचला. सकाळी नळातून सलग धार येईपर्यंत स्विचला हात लावू नका, एलिमेंट जळतं.

तरीही गॅस गिझरच घ्यायचा असेल तर बर्नर आणि धुराडं ट्रेलरच्या बाहेर. उंचीवर हवा विरळ, ज्वलन अपुरं, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आत डिटेक्टर लावल्याशिवाय पेटवू नका. दुसरं असं की ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो, पण घरगुती सिलिंडरात दोन्हींचं मिश्रण असतं, त्यामुळे कडाक्यात ज्योत मंदावते. सिलिंडर आंचेवर धरू नका. आणि गाडीच्या रेडिएटरचा कूलंट पिण्याच्या लाइनीत भरा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे.

काझाचं एवढंच सांगतो. जानेवारीत तिथे उणे वीसपर्यंत जातं. स्पितीतले गावकरी स्वतः थंडीत नळांवर अवलंबून राहत नाहीत, पाणी भरून घरात आणतात आणि कोरडा संडास वापरतात. तुम्हीही नारकंड्यापुढे लाइन पूर्ण कोरडी करा आणि पाणी कॅनमध्ये भरून माणसं झोपतात त्याच खोलीत ठेवा.

फरशीचं प्लाय अजून बसलं नसेल तर आजच मिस्त्रीला थांबवा आणि पाइप वर घ्यायला सांगा. तो जागेचं कारण काढेल, पण ऐकू नका. बर्थखालच्या कडेने चार इंच पट्टा मोकळा ठेवला की दोन्ही लाइनी त्यात आरामात बसतात. आमच्या ट्रेलरमध्ये मी आता तशाच घेतल्या आहेत.