नकाशा समोर असल्याशिवाय इतिहास शिकवू नका

इंग्लंडमधल्या बोल्टनहून एका आईचे सविस्तर पत्र आले आहे. त्यात चार चिंता आहेत, पण पहिलीच इतकी महत्त्वाची आहे की बहुतेक जागा मी तिलाच देणार आहे. त्या लिहितात, "माझा मुलगा इयर नाईनमध्ये आहे. जीसीएसईचे (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचे) विषय निवडण्याचा अर्ज फेब्रुवारीत भरायचा आहे आणि त्याला इतिहास व भूगोल, दोन्ही सोडायचे आहेत. तो म्हणतो की हा सगळा यांचा इतिहास आहे, त्यात आपण कुठेच नाही, आणि भूगोल म्हणजे नुसती नद्यांची नावे. आम्ही दोघेही इंजिनिअर, मूळचे अकोल्याचे. या विषयांतले आम्हाला फारसे कळत नाही, म्हणून त्याला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही."

ताई, तुमची अडचण मी समजू शकते. नोकरी, घर, शनिवारची मराठी शाळा आणि गावाकडच्या आईवडिलांची काळजी या सगळ्यांतून मुलाच्या इतिहासाच्या वहीपर्यंत पोहोचायला वेळ उरत नाही, हे आपल्यापैकी कोणालाच नवीन नाही. तरीही अकोल्याच्या माणसांनी बोल्टनमध्ये बसून "यात आपण कुठेच नाही" हे वाक्य ऐकून घ्यावे आणि त्यावर गप्प राहावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. जगाच्या इतिहासात एकमेकांशी इतक्या घट्ट बांधलेल्या दोन गावांच्या जोड्या फार नसतील. तुम्हाला ते दिसले नाही, कारण तुमच्या मुलाला जसा इतिहास नकाशावाचून शिकवला जातो आहे, तसाच तो तुम्हालाही शिकवला गेला होता.

माझे वडील खानदेशातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि भूगोल असे दोन्ही विषय शिकवत. गावाचे नाव आले की आधी भिंतीवरच्या नकाशावर ते दाखवायचे आणि मगच पुढचे वाक्य वाचायचे, हा त्यांचा नियम वर्गातही होता आणि घरीही. सनावळ्या पाठ न केल्याबद्दल त्यांनी आम्हाला कधी शिक्षा केली नाही. पण पानिपत यमुनेच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगता आले नाही, तर जेवणाचे ताट पुढे येण्याआधी नकाशा पुढे येई. पुढे माझ्या मुलांना मी त्याच पद्धतीने शिकवले आणि आज चाळीस वर्षे या देशात राहिल्यावर माझे ठाम मत आहे की तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला इतिहास कंटाळवाणा वाटत असेल, तर दहांपैकी नऊ वेळा त्याच्यासमोर नकाशा नसतो.

आता या शनिवारी काय करायचे ते सांगते. जगाचा एक मोठा कोरा नकाशा आणा, मुलाला पेन्सिल द्या आणि त्यावर दोनच ठिपके काढायला सांगा, एक बोल्टनचा आणि एक अकोल्याचा. दोन्ही ठिकाणी वर्षभरात साधारण किती पाऊस पडतो, हे त्यालाच शोधू द्या. दोन्हीकडचे आकडे एकमेकांपासून फार दूर नाहीत, हे पाहून त्याला आश्चर्य वाटेल. फरक आहे तो पाऊस पडण्याच्या रीतीत: अकोल्यात जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, तर तुमच्याकडे तो वर्षभर झिमझिम पडत राहतो. बेसॉल्टच्या खडकापासून बनलेली वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यातला ओलावा धरून ठेवते, आणि पुढे बोंडे फुटायच्या वेळी आकाश कोरडे असते, म्हणून तिथे कापूस पिकतो. पेनाइन डोंगरांच्या पश्चिमेकडची हवा सदैव दमट असते, त्यामुळे कातताना सूत कमी तुटते. शिवाय डोंगरातून येणारे मृदू पाणी, जवळच दगडी कोळसा आणि लिव्हरपूलचे बंदर, म्हणून तुमच्याकडे कापूस कातला गेला. सॅम्युअल क्रॉम्प्टन यांनी आपले सूत कातण्याचे यंत्र १७७९ मध्ये तुमच्या बोल्टनमध्येच तयार केले. नद्यांची नावे पाठ करण्याचा विषय म्हणून ज्याला तुमचा मुलगा नाके मुरडतो, तो भूगोल हाच आहे.

त्यानंतर तिसरा ठिपका मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ न्यू ऑर्लिन्सला काढा आणि तिथून लिव्हरपूलपर्यंत एक रेघ ओढा. १८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे, आणि तो गुलामगिरीत जखडलेल्या माणसांच्या कष्टांतून पिकत असे. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. येथे थांबा, पुस्तक मिटून ठेवा आणि मुलाला ती रेघ खोडायला सांगून विचारा की आता बोल्टनचे काय होईल. उत्तर त्याचे त्याला सापडू द्या. गिरण्या बंद पडल्या, आणि १८६२ च्या अखेरीस लँकेशायर, म्हणजे तुमच्या बोल्टनचा तेव्हाचा परगणा, व आसपासच्या भागांत जवळजवळ पाच लाख माणसे मदतीवर जगत होती. अशा हलाखीतही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली आणि तिने गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र लिंकन यांना पाठवले. पुढच्याच महिन्यात त्यांनी त्याला उत्तर दिले. सगळे लँकेशायर त्या मताचे नव्हते, दक्षिणेची बाजू घेणारी गावेही होती, हेसुद्धा मुलाला अवश्य सांगा, कारण या वयाच्या मुलांना अर्धे सत्य लगेच ओळखू येते. त्या पत्रव्यवहाराची आठवण म्हणून मँचेस्टरमध्ये लिंकन यांचा पुतळा उभा आहे. तुमच्या घरापासून तो किती जवळ आहे!

आता अकोल्याच्या ठिपक्याकडे वळा. गिरण्यांना कापूस हवा होता आणि अमेरिकेचा मार्ग बंद होता, त्यामुळे मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव कडाडले. आपल्याकडच्या कापसाचा धागा आखूड असल्यामुळे लँकेशायरचे कामगार त्याच्यावर नाराज होते. पण दुसरा इलाज नव्हता. पैशाचा लोंढा मुंबईत आला, शेअरबाजारात सट्टा माजला, समुद्रात भर घालून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि कापसाचे व्यापारी व शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघरी पोहोचले. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांनी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाने उभा राहिला, हे मुलाला पुढच्या भारतभेटीत प्रत्यक्ष दाखवता येईल. सह्याद्री मात्र मध्ये आडवा उभा होता. खंडाळ्याच्या बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये आणि कसाऱ्याच्या थळघाटातून १८६५ मध्ये वर चढली, म्हणजे वऱ्हाडच्या दिशेचा लोहमार्ग घाटावर येईपर्यंत युद्ध संपतच आले होते. माझ्या सासूबाई भुसावळच्या आणि त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला होते. भुसावळहून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा जबलपूरकडे का जातो, हे त्या नकाशाशिवाय कधी सांगतच नसत, आणि माझी मुले जेवण विसरून ऐकत बसत.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, अमेरिकेचा कापूस परत येणार हे स्पष्ट झाले, भाव गडगडले आणि मुंबईतल्या कंपन्या व बँका एकामागून एक बुडाल्या. पण कथा मुंबईत संपत नाही, आणि बहुतेक पालक नेमके तिथेच थांबतात. तेजीच्या काळात सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती. मंदी आल्यावर त्यांनी हात आखडता घेतला, त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. या दंग्यांची इतरही कारणे होती, दहा वर्षांपूर्वीची कापसाची मंदी हे त्यांतले एक; ती सगळी मुलाला मांडू द्या, कारण एका घटनेची अनेक कारणे तोलून पाहणे हेच त्याच्या परीक्षेत विचारले जाते. उत्साह टिकला तर इजिप्तही जोडा. तिथेही याच युद्धामुळे कापसाची शेती वाढली, राज्यकर्त्यांनी भरमसाट कर्जे काढली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश सैन्य तिथे उतरले.

एका नकाशावर बोल्टन, न्यू ऑर्लिन्स, अकोला, मुंबई, सुपे आणि सुएझ मांडल्यावर तुमच्या मुलाने सांगावे की यांतला कोणता इतिहास "यांचा" आणि कोणता "आपला". मला वाटते, ही विभागणी मुलांच्या डोक्यात शाळा नव्हे, आपण घालतो. घरी आपण शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगतो, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पण शाळेतल्या इतिहासाबद्दल मात्र कधी एक प्रश्नही विचारत नाही. गणिताच्या चाचणीत किती गुण मिळाले हे तुम्ही दर आठवड्याला विचारत असाल. या आठवड्यात इतिहासाच्या तासाला काय झाले, हे शेवटचे कधी विचारले होते? "आम्हाला या विषयांतले कळत नाही" हे तुमचे म्हणणे मला मान्य नाही. काळी माती पायाखाली काय करते, वेचणीच्या दिवसांत पाऊस आला तर घरात काय वातावरण असते, हे अकोल्यात वाढलेल्या माणसाला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक कळते. ते मुलाला सांगा.

आमच्या थोरल्या मुलीने पंधराव्या वर्षी असाच हट्ट धरला होता. तिच्याकडून मी वाद न घालता फक्त नकाशे काढून घेतले. आज ती पूरनियंत्रणाच्या कामात आहे, आणि नवीन गावी गेली की ते गाव तिथेच का वसले हे आधी शोधते. ह्यूस्टनला राहणारा माझा भाचा अमेरिकेचे यादवी युद्ध केवळ लढायांची यादी म्हणून शिकत होता. सुट्टीत यवतमाळला आजोळी कापसाचे ढीग पाहिल्यावर मी त्याला हीच हकिकत नकाशावर दाखवली, आणि त्यानंतर त्याने आईला सलग प्रश्न विचारून भंडावून सोडले.

नकाशा झाला की बाहेर पडा. मँचेस्टरचे विज्ञान व उद्योग संग्रहालय १८३० च्या लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या जुन्या स्थानकावरच आहे. स्टायलची क्वॉरी बँक गिरणीही दूर नाही. ती चालवणाऱ्या कुटुंबाची कॅरिबियनमध्ये गुलामांच्या श्रमांवर चालणारी मळ्यांची मालमत्ता होती, हे तिथे गेल्यावर मुलाशी मोकळेपणाने बोला.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात उत्तरे देते. बालभारतीची पुस्तके मागवायला हरकत नाही, पण त्यांचा दुसरा अभ्यासक्रम करून मुलावर लादू नका. मराठी शाळा आणि फुटबॉल एकाच वेळी येत असतील, तर मराठी शाळेच्या संचालकांशी वेळेबद्दल बोला. मुलाला दोन्हींतून एक निवडायला लावू नका. धाकटी आजीशी इंग्रजीत बोलते याची चिंता आजीला नसेल, तर तुम्हीही ती तूर्त बाजूला ठेवा.

अर्जाबद्दल सांगायचे, तर अनेक शाळा इतिहास किंवा भूगोल यांपैकी एक तरी विषय घ्यायला लावतात, त्यामुळे दोन्ही सोडण्याची मुभा आहे का हे आधी विचारून घ्या. शाळा कोणत्या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम घेते आणि त्यातले कोणते भाग निवडते, हेही विषयशिक्षकांना भेटून समजून घ्या, आणि त्या भेटीला मुलाला सोबत न्या. काही मंडळांच्या इतिहासात साम्राज्य आणि ब्रिटनमध्ये आलेल्या स्थलांतरितांचा स्वतंत्र भाग असतो, आणि तुमच्या शाळेने तो निवडला असेल तर मुलाचा निर्णय बदलू शकतो. दोन्हींपैकी एकच घेता येत असेल, तर ज्या विषयाचे शिक्षक वर्गात नकाशा वापरतात तो घ्यावा, असे माझे मत आहे. दुसरा विषय घरच्या जेवणाच्या टेबलावर चालू ठेवता येईल, आणि ती जबाबदारी तुमची दोघांची आहे.