स्वस्त यूएसबी कंडेन्सर माइकवर घरी गाणं रेकॉर्ड केलं की आवाज बाथरूममध्ये गायल्यासारखा येतो. महागडा माइक घेऊ का?

एवढ्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोष माइकचा नसून खोलीचा आहे. तुमचा यूएसबी कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माइक काढून त्याच खोलीत त्याहून चांगला कंडेन्सर ठेवलात, तर तोही तेच घुमणं टिपेल, कदाचित अधिक बारकाईने.

माइकपर्यंत आवाज दोन वाटांनी पोचतो. एक थेट तोंडातून, दुसरा भिंती, छत आणि फरशीवर आपटून, काही मिलिसेकंद उशिरा. दोन्ही मिसळले की काही कंपनं उठून येतात, काही दबतात आणि गळा पोकळ वाटू लागतो. नंतर सॉफ्टवेअरने खोली पुसायला गेलं तर गळ्याचाही थोडा कस जातो. म्हणून जी काय मेहनत घ्यायची ती रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधी.

पहिला उपाय फुकट आहे: माइकजवळ या. अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, भिंतींवरून येणारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर ठेवा. अगदी ओठाला लावू नका, कारण कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक फार जवळ आला की खर्ज फुगवतो. मध्ये पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी जाळी) हवाच. तरीही ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत असतील तर माइक तोंडाच्या रेषेतून किंचित बाजूला सरकवा.

आता घुमणं शोषायला टांगतात त्या गोधडीचं. बहुतेक जण ती माइकच्या मागे टांगतात. कार्डिऑइड माइकला पाठीमागून कमी ऐकू येतं. त्याचं तोंड तुमच्याकडे, म्हणजेच तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे असतं. त्यामुळे पहिली गोधडी तुमच्या पाठीशी हवी. दोन असतील तर दुसरी बाजूला, आणि जमल्यास भिंतीपासून चार बोटं सोडून, म्हणजे ती जरा खालच्या पट्टीतलाही आवाज शोषते. खोलीच्या अगदी मध्यावर किंवा कोपऱ्यात उभे राहू नका. कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट पाठीशी आलं तर फारच उत्तम. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम यांवर मात्र एक पैसा घालू नका. ते फक्त वरची कंपनं खातात, खालचं घुमणं तसंच राहतं आणि आवाज आणखी कोंदट होतो.

‘डायनॅमिक माइक घ्या, खोली ऐकूच येणार नाही’ असा सल्ला तुम्हाला मिळेल (डायनॅमिक म्हणजे स्टेजवर वापरतात तसा, कमी संवेदनशील माइक). तो अर्धाच खरा आहे. अशा माइकवर आपण अगदी जवळून गातो, म्हणून खोली कमी येते. दूर उभे राहिलात तर त्यातही येईल. शिवाय त्याला गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) जास्त लागतो, आणि स्वस्त इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीचा) गेन खूप चढवला की सुरसुर ऐकू येते.

गेन ठरवताना गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ गाऊन बघा. मीटर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास पोचला की पुरे (शून्याला आवाज फाटतो). सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये २४ बिट निवडून रेकॉर्ड केलंत तर हळू ओळींची काळजी नको. फाटलेला आवाज मात्र धड दुरुस्त होत नाही. पंखा बंद.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या, नाहीतर ट्रॅकची (साथीच्या संगीताची) गळती माइकमध्ये शिरते. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सूर डळमळतो. अशा वेळी हेडफोन थेट माइकला किंवा इंटरफेसला जोडा आणि डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटरमधून न फिरता आपला आवाज थेट ऐकण्याची सोय) चालू करा. ही सोय नसेल तर एक कान उघडा ठेवून गा, त्या कानावरचा हेडफोन मात्र गालाशी दाबून धरा.

माझ्या मते खर्चाचा क्रम असा: भक्कम स्टँड, पॉप फिल्टर, हेडफोन, आणि माइक सगळ्यात शेवटी. आज त्याच माइकवर एक कडवं दोनदा रेकॉर्ड करा, एकदा नेहमीच्या जागी आणि एकदा पाठीशी गोधडी घेऊन वीतभर अंतरावरून. दोन्हींची पातळी सारखी करून हेडफोनवर ऐका, आणि मग माइकचं ठरवा.