कारस्थानाला ‘सिद्धांत’ कशाला चिकटवता?

प्रश्न असा: ‘पक्षी खरे नाहीत, ते सरकारचे टेहळणी ड्रोन आहेत’ अशी अमेरिकेत २०१७ साली पीटर मॅकइंडो या तरुणाने मुद्दाम उठवलेली थट्टा. अशा प्रकाराला ‘उपहासात्मक षड्यंत्र सिद्धांत’ म्हणावं का?

मुळीच नाही. तिन्ही शब्द चुकलेत. ज्याचा अंत, म्हणजे निष्कर्ष, सिद्ध झालाय तो सिद्धांत. इथे तर काहीच सिद्ध झालेलं नसतं, तरी थिअरी दिसली की ‘सिद्धांत’ ठोकून मोकळं व्हायचं! ‘षड्यंत्र’ हिंदीच्या वाटेने बोकाळलाय आणि निम्मे लोक त्यातल्या ड्-चा पाय मोडायलाही विसरतात. षड्यंत्र म्हणजे मारण, उच्चाटन वगैरे सहा तांत्रिक कृत्यं, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की त्या कृत्यांचं रूढ नाव षट्कर्म असताना मधेच यंत्र कुठून आलं?

आपल्याकडे ‘कारस्थान’ असताना ही उसनवारी हवी कशाला? शब्द फारसी आहे, मूळ ‘कारिस्तान’. कार म्हणजे काम, स्तान म्हणजे जागा. मराठीने हिंदुस्तानचं हिंदुस्थान केलं तसंच याचंही केलं. शुद्धलेखनवाले याला भ्रष्ट रूप म्हणतात ते मला साफ अमान्य आहे. फारसी ‘स्तान’ आणि संस्कृत ‘स्थान’ एकाच कुळातले. ‘कार’ आणि आपला ‘कृ’ धातूही तसेच. मराठी कानाने नातं बरोबर ओळखलं! कारकून, कारखाना, कारकीर्द ही याचीच भावंडं. शब्द नुसता शिवीवजाही नव्हता. नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांविरुद्ध १७७४ साली जी जूट झाली, तिला आपण आजही बारभाईंचं कारस्थानच म्हणतो, आणि त्यात निंदेपेक्षा कौतुकच जास्त असतं.

माझं म्हणणं असं, की कारस्थानात ‘काम’ आहे, म्हणजे राबणारे हात आले. मॅकइंडोच्या कथेत सरकारने १९५९ ते २००१ या काळात १२ अब्ज पक्षी मारून त्यांच्या जागी यंत्रं सोडली. ती विजेच्या तारांवर बसून चार्ज होतात. बरं, ती घडवली कुणी, कुठल्या कारखान्यात? ‘कारस्थान’ म्हटलं की हा सवाल आपोआप उभा राहतो, ‘षड्यंत्र’ म्हटलं की नुसता धूर. म्हणून खऱ्या श्रद्धेने सांगितली जाते ती कारस्थानकथा.

आणि थट्टेची? तिथे ‘उपहास’ नको. उपहास बाहेर उभा राहून हसतो. विडंबन हुबेहूब नक्कल करतं. मॅकइंडो वर्षानुवर्षं कट्टर विश्वासूच्या सोंगात वावरला, ते त्याने उघडपणे उतरवलं २०२१च्या अखेरीस. जर्मनीतल्या बीलेफेल्डचंही तेच. ‘हे शहर अस्तित्वातच नाही’ ही १९९४ साली इंटरनेटवर सुरू झालेली थट्टा इतकी मुरली, की २०१९मध्ये शहरानेच बक्षीस लावलं: आम्ही नाही हे सिद्ध करा, १० लाख युरो घ्या. ते कुणालाही मिळालं नाही. ही सगळी कारस्थान-विडंबनं.

कुणी ‘कटकथा’ सुचवेल. शब्द आटोपशीर आहे, पण त्यात कटकट ऐकू येते, मला नको.