दुचाकीवर परवान्याचं रिव्हॉल्व्हर

प्रश्न : माझ्याकडे परवान्याचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे. धंद्याची रोकड घेऊन रोज मोटारसायकलवर जावं लागतं. हत्यार पाठीमागे पँटमध्ये खोचतो. बसलं की टोचतं. खांद्याचं होल्स्टर (हत्यार ठेवायचं म्यान) घेऊ का? पावसाळ्यात काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर : नुसतं खोचणं आजच बंद करा. टोचणं ही त्यातली किरकोळ बाब. पाठीवर पडलात, तर अर्धा-पाऊण किलोचं लोखंड थेट मणक्यावर येईल. पोटापाशीही नको, कारण समोरून धडक बसली की कंबर टाकीवर आदळते. खांद्याच्या आडव्या होल्स्टरमध्ये नळीचं तोंड मागे असतं, म्हणजे मागच्या सीटवरच्या माणसाच्या अंगावर.

उरते ती उजवी कंबर (डावखुऱ्यांना डावी), हाडाच्या टोकाच्या जरा मागे. कुशीवर पडलं तर मार तिथेही बसतो, पण मांसल भागावर बसतो. होल्स्टर काइडेक्सचं (एक कडक प्लास्टिक) किंवा जाड चामड्याचं, चाप आणि चापाची कडी पूर्ण झाकणारं, वर बटणाचा पट्टा असलेलं घ्या. कंबरपट्टा दीड इंची आणि कडक हवा. मऊ पट्ट्यावर होल्स्टर लोंबतं. घेतल्यावर सगळी काडतुसं काढा, सिलिंडर (काडतुसांचं फिरतं नळकांडं) दोनदा तपासा आणि गादीवर होल्स्टर उलटं धरून जोरात झटका. हत्यार निसटलं तर ते होल्स्टर दुचाकीच्या कामाचं नाही. इंजिनाच्या थरथरीने काइडेक्सचे स्क्रू ढिले होतात, ते आठवड्याला बघा.

हत्यार घरीच होल्स्टरमध्ये घाला, मगच जॅकेट चढवा. जॅकेटच्या तळाची दोरी किंवा शर्टाचं टोक चापाच्या कडीत अडकलं आणि हत्यार आत दाबलं, की गोळी सुटू शकते. जॅकेट लांब असावं, चेन लावलेली असावी. उघडं जॅकेट वाऱ्याने उडतं आणि मूठ दिसते. शस्त्र नियम २०१६ नुसारही सार्वजनिक जागी हत्यार पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असायला हवं.

जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर (काडतुसावर आघात करणारा घोडा) अडवणारी सोय आहे का, हे शस्त्रदुरुस्तीवाल्याकडून पक्कं करून घ्या. तोवर हॅमरखालचा कप्पा रिकामा ठेवा.

पावसात चामडं पाणी धरून ठेवतं आणि लोखंड गंजतं. घरी आलात की हत्यार बाहेर काढून पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. रात्री ओल्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. भिजलेली काडतुसं बदला.

प्रश्न : बँकेत जाताना स्कूटरच्या डिकीत ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : नाही. डिकीचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने उघडतं. जिथे हत्यार नेता येत नाही तिथे जायचं असेल, त्या दिवशी ते घरच्या तिजोरीतच राहू द्या.

प्रश्न : नाकाबंदीत अडवलं तर?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : इंजिन बंद करा, दोन्ही हात हँडलवर ठेवा आणि आधी तोंडी सांगा : “साहेब, माझ्याकडे परवान्याचं हत्यार आहे, उजव्या कमरेला.” परवाना डाव्या खिशात ठेवत जा, म्हणजे तो काढताना हात हत्याराकडे जाणार नाही. तुम्ही गोव्याच्या हद्दीलगत राहता. परवान्यावर क्षेत्र फक्त महाराष्ट्र लिहिलं असेल, तर हत्यार घेऊन हद्द ओलांडू नका.