'नीतिमत्त्वाची तहान' म्हणजे नेमकी कसली तहान?

प्रश्न असा आहे की पुण्यातल्या एका चर्चमधे रविवारच्या उपासनेला गेल्यावर गाण्यांत 'नीतिमत्त्वाची भूक', 'न्यायीपणाची तहान' असं ऐकलं, तर हे आपल्या नीतिमत्तेहून वेगळं काही आहे का, आणि नीतीची तहान कशी काय लागते?

शब्द बायबलमधून आलेत. मत्तय ५:६ मधे (मत्तयाचं पुस्तक, अध्याय ५, वचन ६) येशू म्हणतो की जे नीतिमत्त्वाचे भुकेले आणि तान्हेले ते धन्य. काही भाषांतरांत तिथे 'न्यायीपण' आहे. मूळ ग्रीक शब्द 'दिकायोसुने', त्यात माणसाचं सरळ वागणं येतं, समाजातला न्याय येतो आणि देवापुढे निर्दोष ठरणंही येतं, हे सगळं एका मराठी शब्दात बसवणं अवघडच आहे, कारण 'धार्मिक' म्हटलं की आपल्याला उपासतापास आठवतात आणि 'न्यायी' म्हटलं की न्यायाधीश.

पण मला यातलं व्याकरण जास्त आवडतं. मराठीत आपण तहान करत नाही, ती लागते, 'मला' लागते. म्हणजे या गाण्यांत 'मी आता चांगला वागेन' असा निश्चय कमी, मागणं जास्त. क्रियापदं बघा, दे, धू, भर, शुद्ध कर, सगळी देवाला उद्देशून, कारण ख्रिस्ती शिकवणीत हे नीतिमत्त्व कमवायचं नसतं, विश्वासाने मिळतं (येशूचा प्रेषित पौल याच्या, बायबलमधल्या 'रोमकरांस पत्रा'चा गाभाच हा आहे). आणि 'देव भावाचा भुकेला' आपण म्हणतोच ना, तीच '-चा भुकेला' रचना इथे आहे, फक्त भुकेला माणूस आहे.

ही आर्तता मराठीला नवी नाहीच. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे आणि त्यांनी ख्रिस्ती भजनं, अभंग लिहिले, कीर्तनंही केली. म्हणून मराठी मंडळ्यांच्या (चर्चमधे एकत्र जमणाऱ्या लोकांच्या) गायनात आस, तळमळ, चरण हे शब्द अगदी घरचे वाटतात. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, पेटी-तबल्यावर येवो नाहीतर गिटार-कीबोर्डवर, आणि तीच ओळ पाचव्यांदा म्हणताना नुसतं गाणं राहत नाही, विनवणी होते. ज्यांना हे रटाळ वाटतं त्यांनी एकदा मागे बसून न बोलता ऐकावं, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र सोडू नका. बायबलमधेच आमोस संदेष्टा, इसवी सनपूर्व ८व्या शतकातला, देवाच्या वतीने सांगतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या (आमोस ५:२३-२४). गरिबाला बाजारात लुबाडायचं आणि देवळात गोड गायचं, हे त्याला चालत नव्हतं. त्यामुळे ही तहान फक्त स्वतःच्या पापक्षमेची समजली तर शब्दाचा अर्धा अर्थ गेला, आणि मला वाटतं हल्लीच्या बऱ्याच गाण्यांत हाच अर्धा भाग कमी पडतो, 'मी आणि माझा देव' एवढंच उरतं.

राहिला नीतिमत्ता की नीतिमत्त्व हा प्रश्न. 'नीतिमत्'ला ता लावा किंवा त्व, दोन्ही भाववाचकच, फरक वापराचा, रोजच्या बोलण्यात पहिला, ख्रिस्ती मराठीत दुसरा जास्त. टाइप करताना 'त्त्व' जोडाक्षरात दोन त येतात, एकच पडतो बऱ्याचदा.