चौथ्या लॅपला पेडल खाली बसलं!

प्रश्न: दादा, गेल्या महिन्यात आम्ही चार मित्र कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डेला (रेस ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस) जाऊन आलो. माझी साधी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम. तीन लॅप झकास गेले, चौथ्याला ब्रेकचं पेडल स्पंजी झालं आणि एका वळणावर तर थेट तळाला टेकलं, दोनतीनदा पंप मारला म्हणून वाचलो. अर्ध्या तासाने बघतो तर ब्रेक परत ओके! आता गॅरेजवाला म्हणतो मोठ्या डिस्क टाक. टाकू का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: अजून नको टाकू रे बाबा. आधी सांग, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस? आठवत नसेल तर बोनेट उघड आणि डबीत डोकावून बघ. नवीन ऑइल फिकट सोनेरी असतं, तुझं बहुतेक कोऱ्या चहासारखं झालेलं असेल. आणि रंग बरा दिसला म्हणून सोडू नकोस, कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं आणि ते पाणी डोळ्यांना दिसत नाही, त्यात आपली गोव्याची हवा म्हणजे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते! नवीन डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात पावणेचार टक्के पाणी गेलं की हाच आकडा 155 वर येऊ शकतो. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. थंड झाल्यावर वाफेचं परत पाणी, म्हणून ब्रेक ‘ओके’. पेडल कडक राहून गाडी थांबली नसती तर मी पॅडवर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्ट्यांवर) संशय घेतला असता.

तेव्हा ट्रॅकच्या आठवडाभर आधी सीलबंद बाटलीतलं नवीन डॉट 4 किंवा 5.1 भर आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढून घे. मागच्या वर्षी फोडलेली अर्धी बाटली वापरू नकोस. नुसता डॉट 5 पण घालू नकोस, तो सिलिकॉनचा, आपल्या गाडीतल्या ऑइलशी त्याचं जमत नाही. पॅड निम्म्याच्या खाली घासले असतील तर तेही बदल, पातळ पॅडमधून उष्णता लवकर ऑइलपर्यंत पोचते.

उरलेलं काम तुझ्या पायाचं. 100 ऐवजी 140 वरून थांबायचं म्हणजे ब्रेकवर जवळपास दुप्पट उष्णता, स्पीड वाढतो त्याच्या वर्गाने ती वाढते ना. नवीन पोरं घाबरून लांबूनच ब्रेकवर पाय घासत येतात, डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही. सरळ रस्त्यावरच जोरात, थोडा वेळ दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. दोनतीन जोराचे लॅप झाले की एक लॅप निवांत, जमेल तितका ब्रेक न लावता. आणि आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही! गाडी पहिल्या गिअरला टाकून चाकाखाली दगड लाव. मी एकदा आत येऊन पेडलवर पाय ठेवून गप्पा मारत बसलो, पॅडचा माल गरम डिस्कला चिकटला आणि घरी येताना 80 ला स्टेअरिंग थरथर कापायला लागलं. खर्च माझाच.

एवढं करूनही पेडल बसलं तर मग मोठ्या डिस्कचं बोलू. भोकंवाल्या डिस्क मात्र घेऊ नकोस, दिसतात भारी पण ट्रॅकवर त्या भोकांपासूनच तडे जातात.

प्रश्न: चोर्ला घाट उतरून घरी येताना ब्रेकचा जळका वास येतो. ट्रॅक वगैरे आमचं काही नाही.
– वाचक, साखळी

उत्तर: काका, चढताना जो गिअर लागतो त्यातच उतरा. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रल करत असाल तर बंद करा, आताच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय सोडला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, न्यूट्रलमध्ये उलट घेतं. वास आलाच तर गाडी बाजूला घेऊन पंधरावीस मिनिटं थांबा, डिस्कवर पाणी मात्र ओतू नका.