ऑफिस पाच किलोमीटरवर आहे. कारऐवजी रोज सायकलने जाणं जमेल का?

नक्की जमेल. ताशी 15 किमी हा सायकलचा आरामाचा वेग आहे, म्हणजे एका बाजूला वीस मिनिटं. पाच दिवस जाऊन-येऊन 200 मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो इथेच पूर्ण होतो.

कारसाठी असं छोटं अंतर सर्वांत वाईट. इंजिन तापेपर्यंत पेट्रोल जास्त जळतं, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गरम झाल्याशिवाय नीट काम करत नाही. एक लिटर पेट्रोलमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

घामाची काळजी वाटत असेल तर बॅग पाठीवर न घेता कॅरियरला बांधा आणि जाताना वेग कमी ठेवा. शर्ट तिथे बदलता आला तर उत्तमच. सीटची उंची मात्र आधी तपासा: पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली राहिली की गुडघे दुखतात आणि लोक सायकललाच दोष देऊन ती सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. अंधारात पुढे-मागे दिवे हवेतच.

सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस सायकलने जा. पहिली फेरी सुट्टीच्या दिवशी मारून कमी वर्दळीचा रस्ता शोधून ठेवा. कारचा नेहमीचा रस्ता सायकलला सोयीचा असेलच असं नाही.